हरण्या शोधताना

श्रावणातली झड लागली होती. चार दिवस सूर्याचं तोंड दिसलं नव्हतं. यावल तालुक्यातल्या आमच्या वावरात मृगबागेची केळी गुडघ्याच्या वर आली होती आणि आप्पा एका रोपापुढे उकिडवे बसले होते. पोंग्याशेजारचं कोवळं पान त्यांनी दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. हिरव्या पानावर फिक्या पिवळ्या रेघा होत्या. शिरांच्या मधून निघालेल्या, मध्येच तुटलेल्या.

"हरन्या," ते म्हणाले. एवढंच.

रोग त्यांनी ओळखला होता. त्यांना विचारायचं होतं ते पुढचं. हे रोप तर काढायचंच, पण त्याच्या शेजारची, वरून चांगली दिसणारी रोपं ठेवायची की तीही उपटायची? मागे गावात हा रोग आला तेव्हा कुणी काय केलं होतं, ते सांगणारी माणसं आता राहिली नाहीत. आप्पांनी बंडीच्या खिशातून मोबाइल काढला, अंगठा धोतराला पुसला, माइकच्या खुणेवर दाबून धरला आणि फोन तोंडाजवळ नेऊन नीट, सावकाश म्हणाले, "केयीवरचा हरन्या."

पडद्यावर हरणं आली. चितळ, काळवीट, कुठल्याशा अभयारण्याच्या सहलीची माहिती. आप्पांनी फोन माझ्याकडे केला. "हे मले हरनं दाखोतं." मग थोडं थांबून, "याले केयी समजत नसन."

आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया. ही बहिणाबाईंची बोली. मी फोन घेऊन शुद्ध मराठीत, शाळेत बोलावं तसं बोललो, "केळीवरील हरण्या रोग." तेव्हा नुकसानभरपाईची मागणी केल्याच्या दोन बातम्या आल्या. शेजारच्या रोपाचं काय करायचं, ते कुठेच नव्हतं. पाऊस पुन्हा सुरू झाला. आप्पांनी ते रोप कंदासकट उपटलं आणि बांधापलीकडे नेऊन टाकलं. शेजारचं ठेवलं.

तो प्रसंग माझ्या डोक्यातून गेला नाही. मी जळगावात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, स्मरणिका, पत्रकं, ग्रंथालयांच्या याद्या. म्हणजे दिवसभर मराठी अक्षरं लावणं हाच माझा धंदा, आणि शोधयंत्र हे माझं रोजचं अवजार. ते अवजार माझ्या वडिलांच्या हातात रिकामं निघालं, याचं मला फार वाईट वाटलं.

शोधयंत्राशी माझी ओळख झाली ती २००० साली, एका जिन्याखालच्या सायबर कॅफेत. तासाला तीस रुपये. मोडेम किरकिर करत टेलिफोनच्या तारेतून जोडणी घ्यायचा आणि पान वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचं. शोधायला तेव्हा एकच दार नव्हतं. याहू, अल्टाव्हिस्टा, लायकॉस, आपल्याकडचं खोज, रेडिफ. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही ही नावं लिहून ठेवायचो आणि एकाकडे नाही मिळालं की दुसऱ्याकडे जायचो. कुणाकडे बातम्या चांगल्या, कुणाकडे क्रिकेट, कुणाकडे नोकऱ्या. गूगलचं नाव मला शेजारच्या खुर्चीवरच्या मुलाने सांगितलं. पांढरं कोरं पान, मध्ये एक चौकट. बाकीच्यांची पानं तेव्हा आठवडेबाजारासारखी भरलेली असायची. त्यामुळे हे पान झटकन उतरायचं आणि तासाचे तीस रुपये पुरून उरायचे. मी गूगलकडे गेलो तो आधी या साध्या कारणासाठी. त्याची उत्तरं सरस का असतात, ते पुढे कळलं.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी ही संस्था उभी राहिली. सूचीच्या एका कामासाठी मी तिथे गेलो होतो. राजवाडे गावोगाव फिरायचे. वाड्यांच्या माळ्यांवरची, कोनाड्यांतली, उंदरांनी कुरतडलेली दप्तरं उघडायला लावायचे, कागद उतरवून घ्यायचे. इतिहासाच्या साधनांचे २२ खंड त्या पायपिटीतून निघाले. तिथल्या शांततेत बसलो असताना मला वाटलं, शोधयंत्र मुळात हेच करतं. आपण प्रश्न विचारतो तेव्हा ते जगभर धावत सुटत नाही. त्याचे फिरस्ते प्रोग्रॅम आधीच दुव्यामागून दुवा धरत पानापानांवर जाऊन आलेले असतात. जे सापडलं त्याची त्यांनी सूची केलेली असते. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशीच, फक्त अवाढव्य. आपला प्रश्न त्या सूचीवर जाऊन पडतो. एखाद्या वाड्याच्या मालकाने दप्तर दाखवायला नकार द्यावा, तशीही सोय आहे. संकेतस्थळाचा मालक एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवू शकतो की इथे येऊ नका. १९९४ पासून हा संकेत चालत आला आहे आणि मानायचा की नाही हे फिरस्त्याच्या सचोटीवर आहे.

या कामाची सुरुवात लहान होती. १९९० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज नावाच्या विद्यार्थ्याने 'आर्ची' तयार केलं. त्यात फक्त फाइलींची नावं शोधता यायची. १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फायलो यांनी चांगल्या पानांची हाताने वर्गवारी करायला घेतली, त्यातून याहू झालं. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा आलं. त्यात पानातला शब्द न् शब्द शोधता यायचा. पण शब्द हजारो पानांवर सापडला तर वर कुणाला ठेवायचं? लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी याचं जे उत्तर काढलं, ते आमच्याकडे कुठल्याही म्हाताऱ्या बाईला पटेल. सोयरीक जुळवताना आपण स्थळाला त्याच्याच तोंडून पारखत नाही. गावात विचारतो. आणि विचारतानाही, ज्याच्या शब्दाला चार माणसांत वजन आहे त्याचा एक शब्द आपण दहा जणांच्या गप्पांपेक्षा जास्त धरतो. त्या माणसाला वजन कशाने? त्याच्याबद्दल इतर वजनदार माणसं चांगलं बोलतात म्हणून. एका पानाने दुसऱ्याला दिलेला दुवा म्हणजे अशी शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याच्या वजनावर तिची किंमत. हे सगळं गणितात बसवलं की झालं पेजरँक. १९९८ साली त्यावर कंपनी उभी राहिली.

मग झालं ते असं, की २००० साली याहूने आपल्या पानावर गूगलचे निकाल दाखवायला सुरुवात केली. पाहुणा म्हणून बोलावला तो घरधनी होऊन बसला. २००४ मध्ये याहू वेगळं झालं खरं, पण तोवर लोकांचे पाय दुसऱ्या वाटेला लागले होते. अल्टाव्हिस्टा हातोहात विकलं जात शेवटी याहूकडेच आलं आणि २०१३ च्या जुलैमध्ये बंद झालं. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये बिंग आणलं. त्याला कायम दुसऱ्या नंबरचीच खुर्ची मिळाली. आपल्याकडे खोज ज्या इंडियावर्ल्डचा भाग होतं, ती मुंबईच्या राजेश जैन यांची कंपनी १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने ४९९ कोटी रुपयांना घेतली. तेव्हा वर्तमानपत्रांत केवढी चर्चा होती! २००६ मध्ये बंगळुरूचं गुरुजी आलं, तेही टिकलं नाही.

रशियात यांडेक्स १९९७ पासून आहे, चीनमध्ये बायडू २००० पासून, दक्षिण कोरियात नेव्हर १९९९ पासून. प्रत्येकाच्या टिकण्याची कारणं वेगळी, चीनमध्ये तर सरकारचाही हात. पण यांडेक्सची एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रशियन शब्द विभक्तीप्रमाणे बदलतो, आणि ती बदललेली रूपं ओळखायचं काम त्यांनी पहिल्यापासून मनावर घेतलं. आपल्या मराठीचंही तसंच आहे. केळी, केळीला, केळीवर, केळीवरच्या, केळीवरच्यासुद्धा. माणसाला हा एकच शब्द. सूचीला हे पाच वेगळे शब्द, जोवर कुणी तिला शिकवत नाही तोवर. आपल्या भाषेत ते शिकवायची निकड कुणालाच इतकी वाटली नाही, की त्यावर एखादं शोधयंत्र उभं राहावं.

आता आप्पांच्या फोनकडे येतो. तो फोन दुकानातून आला तेव्हाच पहिल्या पडद्यावर शोधाची पट्टी होती. आप्पांनी ती निवडलेली नाही. निवडता येते हेही त्यांना माहीत नाही, आणि का माहीत असावं? अमेरिकेत यावरच मोठा खटला चालला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगलने शोधाच्या बाजारातली मक्तेदारी बेकायदा रीतीने राखली. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आपलंच शोधयंत्र आधीपासून बसलेलं असावं, यासाठी गूगलने एकट्या २०२१ सालात इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर दिले होते, हे त्या खटल्यात उघड झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यावरचे उपाय ठरले. गूगलला आपला क्रोम ब्राउझर विकायला लावलं नाही. पण फक्त आमचंच ठेवा असे करार करायला मनाई झाली आणि शोधाची काही माहिती प्रतिस्पर्ध्यांना द्यावी, असं ठरलं. आपल्या स्पर्धा आयोगाने याआधीच, फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालातल्या पक्षपातासाठी १३५.८६ कोटींचा आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात १,३३७.७६ कोटींचा दंड केला होता.

हे आकडे वाचून यावलच्या शेतकऱ्याचा यात काय संबंध, असं वाटू शकतं. मला तो संबंध सरळ दिसतो. शोधयंत्र लोकांच्या पावलांवरून शिकतं. लोक कुठल्या दुव्यावर थांबले, कुठून लगेच परत फिरले, यावरून पुढच्याला काय वर दाखवायचं ते ठरतं. ज्या वाटेने जास्त पाय जातात ती वाट मळते. सगळे पाय एकाच्याच रानातून जात असतील, तर दुसऱ्या कुणाला वाट पाडताच येत नाही. मोठ्याचं मोठेपण वाढत जातं. आणि 'केयी' म्हणणारे, 'हरन्या' म्हणणारे पाय मुळातच किती? आवाजी शोधात मराठी आली ती २०१७ साली. ती प्रमाण मराठी. बोलीतून विचारणारा माणूस एकदा हरणं पाहून परत फिरला की दुसऱ्यांदा विचारत नाही. त्याची वाट मळतच नाही. चार-पाच तोडीस तोड शोधयंत्रं असती, तर त्यातल्या एखाद्याला तरी वाटलं असतं, की मोठ्याने सोडलेली ही माणसं आपण धरावीत. स्पर्धा हवी ती मला एवढ्यासाठी हवी.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आलं आणि बऱ्याच वर्षांनी या बाजारात खरी हालचाल झाली. दोन-सव्वादोन महिन्यांत मायक्रोसॉफ्टने बिंगमध्ये तसं बोलकं उत्तर बसवलं, गूगलने बार्ड जाहीर केलं. २०२४ पासून गूगलच्या पानावर सगळ्यात वर यंत्राने लिहिलेला सारांश दिसू लागला. दुवे खाली गेले. आधी शोधयंत्र सांगायचं, अमक्याच्या घरी जा, त्याला माहीत आहे. आता ते दारातच सांगतं, त्याच्या घरी कशाला जाता, मी सांगतो ना. सोय आहे, मी नाकारत नाही. थकलेल्या माणसाला दहा पानं उघडत बसण्यापेक्षा चार ओळी बऱ्या. पण ज्याने ते लिहून ठेवलं त्याच्या दारात कुणी गेलंच नाही, तर तो पुढच्या वेळी लिहील का? आणि चूक असेल तर धरायचं कुणाला?

मागच्या हिवाळ्यात एका रात्री मी बसून चार वेगवेगळ्या बोलक्या यंत्रांना आप्पांचा प्रश्न विचारला. केळीवर हरण्या आलाय, शेजारचं रोप ठेवू का काढू? दोघांनी ओळखलं की हा कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग आहे, आणि बऱ्यापैकी सांगितलं. तिसऱ्याने हरणांपासून बागेला कुंपण कसं करावं ते नीट समजावलं. चौथ्याचं उत्तर वाचताना माझ्या पोटात गोळा आला. त्याने एका बुरशीनाशकाचं नाव दिलं होतं आणि पंपाला किती मिली घ्यायचं तेही, अगदी ठाम, सुवाच्य मराठीत. विषाणूवर बुरशीनाशक. रोप वाचणार नाही, फवारणीचे पैसे जातील, आणि त्या आठ दिवसांत मावा ही कीड तो विषाणू घेऊन अर्ध्या बागेत पोचेल. हरणं दाखवणारं यंत्र निदान चुकलेलं दिसतं तरी. हे चुकलेलं दिसत नव्हतं.

तरीही या यंत्रांना मी सगळा दोष देऊ शकत नाही. त्याचं कारण माझ्याच कपाटात होतं.

त्या श्रावणात गावाहून परतल्यावर पुढच्या आठवड्यात मी जुन्या सीडी काढून बसलो होतो. एका संस्थेला जुनी स्मरणिका हवी होती. फाइली चाळताना एक नाव दिसलं आणि मी हातातलं काम ठेवलं. २००७ साली रावेरकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले होते. घरची केळीची शेती. चार पानी पत्रक त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापलं होतं, ५०० प्रती, आठवडेबाजारात वाटायला. हरण्याची ओळख आणि बंदोबस्त. मीच टाइप केलं होतं. माझ्याच बोटांनी.

त्यात सगळं होतं. रोगट रोप कंदासकट काढा, बागेबाहेर पुरा किंवा जाळा. शेजारचं चांगलं दिसत असेल तर लगेच काढू नका, पण दर चार-पाच दिवसांनी ओळ न् ओळ फिरा आणि कोवळं पान उजेडाकडे धरून बघा. माव्याचा बंदोबस्त करा, रोग तोच पसरवतो. तण ठेवू नका. बागेत आणि बांधावर काकडी, भोपळा, गिलकी, मिरची, टोमॅटो लावू नका, विषाणू तिथे मुक्काम करतो. हे वाचलं आणि मला आमचा बांध आठवला. आईने हौसेने लावलेला गिलक्याचा वेल बाभळीवर चढलेला होता, पिवळ्या फुलांनी भरलेला. मी त्याच रात्री फोन केला. तोवर दीडशेच्या वर रोपं गेली होती.

मग हे पत्रक शोधात का आलं नाही? एक तर ते नेटवर नव्हतं. पण असतं तरी सापडलं नसतं. त्या काळी आम्ही सगळे ज्या फॉन्टमध्ये काम करायचो, त्यात दिसायला मराठी असायचं, संगणकाच्या पोटात मात्र इंग्रजी अक्षरं. 'मराठी' हा शब्द टाइप केला की कागदावर मराठीच उमटायचं, पण आत साठवलं जायचं ई, जे, के, बी, एच. माणसाच्या डोळ्याला काही फरक नाही. सूची करणाऱ्या यंत्राला तो अर्थ नसलेल्या अक्षरांचा ढीग. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक १९९१ पासून आहे. विंडोज २००० मध्ये त्याची सोयही होती. तरी आम्ही छपाईवाले पुढे कितीतरी वर्षं जुनंच धरून राहिलो, कारण छापून चांगलं येत होतं आणि गिऱ्हाईक कागद मागत होतं. खानदेशातल्या गावागावांच्या स्मरणिका, शेतीची पत्रकं, कानबाईची गाणी, समाजाच्या वंशावळी, सगळं असं अडकून पडलं आहे. राजवाड्यांना कागद कुरतडलेले मिळाले, पण वाचता यायचे. माझ्या सीडीवरचं मराठी फक्त माझाच जुना संगणक वाचतो.

म्हणून गेली दोन वर्षं मी रोज रात्री जेवण झालं की एक तास या फाइली युनिकोडमध्ये आणतो. रूपांतर करणारे प्रोग्रॅम आहेत, पण जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, रफार नंतर. रूपांतरात ती हमखास भलत्या अक्षरावर जाऊन बसते. ओळ न् ओळ वाचावी लागते. शिक्षक आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाची परवानगी घेतली आणि सगळ्यात आधी त्यांचंच पत्रक केलं. ते वाचून दाखवायला गावी गेलो तेव्हा आप्पा ओट्यावर बसून मान हलवत ऐकत होते. 'केळीवरील हरण्या' या मथळ्यावर त्यांनी मला थांबवलं.

"याच्यात केयी टाक. आन् हरन्याबी. आपले लोकं तसंच म्हनतीन."

मी टाकलं. मथळ्याखाली एक ओळ, केयीवरचा हरन्या. शिक्षकांच्या भाषेला हात न लावता, वेगळ्या अक्षरात.

पत्रक नेटवर ठेवून आता सहा महिने झाले. गेल्या रविवारी आप्पांनी फोन तोंडाजवळ धरून पुन्हा तेच शब्द उच्चारले. वर हरणंच होती. त्यांच्या खाली, तिसऱ्या जागेवर, ते पत्रक. आप्पांनी ते उघडलं आणि ओठ हलवत शेवटपर्यंत वाचलं, जणू आधी कधी ऐकलंच नव्हतं. फोन खाली ठेवताना म्हणाले, "आते थंडी पडीन. चरक्याचं कोनं लिवलं व्हतं का?"

थंडीने केळीची वाढ खुंटते, पानं पिवळी पडतात, त्याला आमच्याकडे चरका म्हणतात. मला आठवेना. पण २००९ च्या सीडीवर कांदेबागेचं, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी लावलेल्या केळीचं, काहीतरी आहे. तिच्यावर एक चरा गेलाय आणि ती दर वेळी उघडतेच असं नाही. जळगावला आल्याबरोबर ती बाहेर काढून ठेवली आहे.